वस्तीतली ताई हीच आमची खरी गाईड

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पोरांना वस्तीतले कार्यकर्ते काय शिकवणार, असं कोणीतरी विचारलंय म्हणून लिहितोय. फील्डवर्कला पुण्यातल्या जनता वसाहत या झोपडपट्टीत आम्ही पाच पानी सर्व्हे फॉर्म घेऊन सकाळी अकराला टपकायचो आणि घरात फक्त म्हातारी माणसं नाहीतर कुलूप. बचत गटाच्या ताई हसल्या, म्हणाल्या अरे बाया नऊलाच धुण्याभांड्याला जातात, उद्या सहाला नळावर ये. गेलो, आणि पाण्याच्या वेळा, संडासचा बंद दिवा, कोणाचं कोणाशी पटत नाही हे सगळं तासाभरात कळलं की हो!

मनपा २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते, हे आम्ही फक्त नोट्समध्ये वाचलेलं, क्षेत्रीय कार्यालयात जाऊन तो फॉर्म भरायला लावला तो ताईंनीच. आणि पुण्यात हे काय नवीन आहे का, कचरावेचकांची संघटना १९९३ची, त्यातूनच २००८ला ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली, म्हणजे शिकायचं कोणाकडून हे उघडच आहे.

खटकतं एवढंच की रिपोर्टवर गाईड म्हणून सरांचं नाव, ताईंना मानधन शून्य, वर आमचा रोजचा चहा पण त्यांच्याच पैशाने.