भेकाचं रक्त कुठून आणि किती घ्यावं?

दवाखाना_परभणी
पाऊस पडला की सर्पमित्र सापांबरोबर जखमी बेडूक-भेकही (भेक म्हणजे टोड) आणून देतात. सध्या वनविभागाला कळवून ठेवलेला ६० ग्रॅमचा भेक आहे. मलूल आहे, पोटाच्या कातडीवर लाली आहे. हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण), स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) आणि जमलं तर थोडी बायोकेमिस्ट्री करायची आहे. शीर कोणती, सुई किती गेजची, भूल लागेल का? ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) चालतं का?

वन्यजीव_उदगीर
आधी वजनावरून हिशोब करा. धडधाकट प्राण्यात वजनाच्या १ टक्क्यापर्यंत, म्हणजे तुमच्या भेकात ०.६ मिली. आजारी असेल तर त्याच्या निम्मं, ०.३ मिलीच्या वर जाऊ नका. तुमच्या तपासण्या ०.२ मध्येही बसतील.

कोरडा पडलेला असेल तर आधी उथळ पाण्यात ठेवा. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं किंवा नळाचं ताजं पाणी नको, उघड्या भांड्यात २४ तास ठेवलेलं घ्या. हातमोजे नायट्राइलचे, पावडर नसलेले, त्याच पाण्याने ओले केलेले. दर प्राण्याला नवी जोडी, कारण कायट्रिड बुरशी आणि रानाव्हायरस हातांवरूनही पुढच्या बेडकाकडे जातात.

शीर पोटावरची, मधल्या रेषेत कातडी आणि स्नायूंच्या लगेच खाली असते. भेकाला उताणा धरा. उरोस्थी आणि कंबरेच्या मधोमध, २७ ते २९ गेजची इन्सुलिन सिरिंज, टोकाचं तोंड वर, डोक्याच्या दिशेने, जवळजवळ आडवी. दट्ट्या अगदी हलका ओढा, जोर दिला तर शीर मिटते. सुई खोल गेली तर मूत्राशय लागतं, पावसाळ्यातल्या मादीत अंडाशयही. स्पिरिट किंवा साबणाचा सर्जिकल स्क्रब लावू नका, ही कातडी सगळं शोषते. निर्जंतुक सलाइनने पुसलं की पुरे. सुई काढल्यावर मिनिटभर कापसाने दाबून धरा.

लॅब_नांदेड
ईडीटीए टाळा. काही जातींत त्याने तांबड्या पेशी फुटतात. रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घ्या, पण सिरिंज नुसती ओली करून सगळं बाहेर काढून टाका. ०.२ मिली रक्तात हेपॅरिनचा एक थेंब उरला तरी हिमॅटोक्रिट खोटं खाली येतं. स्मिअर मात्र हेपॅरिन न लागलेल्या ताज्या थेंबाचा करा, नाहीतर रंगात निळसर झाक येते.

सगळ्यात फसवणारी गोष्ट लसिकेची (लिम्फ). कातडीखाली लसिकेच्या पिशव्या असतात. सिरिंजमध्ये आधी पाण्यासारखा द्रव आला किंवा रक्त फिकट गुलाबी दिसलं तर तो नमुना टाकून द्या, त्यावरचा आकडा ॲनिमियाचा भास देतो. पेशी मोजायला ऑटोमॅटिक मशीन लावू नका. यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, मशीन त्यांना पांढऱ्यांत मोजतं. पेशी रंगवणारं नॅट-हेरिक द्रावण आणि न्यूबॉअर चेंबर (चौकटी आखलेली काचपट्टी) घेऊन हाताने मोजा. प्लाझ्मा लगेच वेगळा करा.

दवाखाना_परभणी
आभारी आहे. भेकाची कातडी जाड, शीर दिसत नाही. हृदयातून घेतलं तर?

वन्यजीव_उदगीर
दिसली नाही तरी मधल्या रेषेवर भरवसा ठेवा. दोनदा चुकलं तर थांबा. हृदय शेवटी, आणि फक्त पूर्ण भुलीत, कारण तिथे हललेली सुई जीव घेते. भुलीला एमएस-२२२चं (पाण्यात विरघळवायची भुलीची पावडर) स्नान: बेडकाला लिटरला साधारण १ ग्रॅम, भेकाला २ ग्रॅम. ते आम्लधर्मी असतं, म्हणून सोडियम बायकार्बोनेट घालून पीएच ७ ते ७.४ वर आणल्याशिवाय प्राणी आत सोडू नका. पाणी नाकपुड्यांखाली ठेवा. उलटवल्यावर सरळ होत नसेल तर बाहेर काढून स्वच्छ पाण्याने धुवा. इतका मलूल भेक असेल तर पोटाच्या शिरेसाठी बहुधा भूल न देताही जमतं.

एक राहिलं. डोळ्यांमागच्या ग्रंथी दाबल्या जातील असं मानेला धरू नका. पांढरा स्राव विषारी आहे. चष्मा घाला आणि मोजे काढेपर्यंत हात डोळ्यांना लावू नका.