अनुभव धागा : घर मोठं, माणूस एक

गणपतीत आमच्या घरी सतरा पानं मांडली जातात. विसर्जन झालं, चाकरमानी कोकणकन्येत बसले की आई एकटी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटल्याचं जनगणनेत दिसलं. ते वाचलं तेव्हा मला आमचं माजघर आठवलं. तुम्हाला एकटेपण कधी जाणवलं, मग माणसं कशी भेटली? मोकळेपणी लिहा.

राजापूर, वय ७१
मुलगा रोज व्हिडिओ कॉल करतो, त्याच्याविषयी तक्रार नाही. 'जेवलीस का' विचारतो, मी 'हो' म्हणते. खरं म्हणजे मूठभर तांदूळ कुकरला लावायचे म्हटलं की भूकच मरते. गेल्या पावसाळ्यात शेजारची जाऊ आली, "गॅस संपलाय गो, तुझ्या चुलीवर पेज ठेवू?" तिचा सिलिंडर कधीच आला, पण पेज अजून माझ्याच चुलीवर शिजते. दोघी मिळून पितो. लोणच्याची फोड तिला मोठी लागते.

गुहागर
२०२० साली घरून काम म्हणून पुण्याहून गावी आलो आणि राहिलो. समुद्र दारात, पण बरोबरीचं कोणी गावात नाही. एका शनिवारी देवळात भजनाला जाऊन मागे बसलो. बुवांनी विचारलं, "कोणाचा रे तू?" आजोबांचं नाव सांगितलं. ते सरकले, शेजारी जागा केली आणि हातात झांज दिली. ताल अजून चुकतो. मध्ये एक शनिवार गेलो नाही, तर रविवारी सकाळी दोघं दारात, "बरा आहेस ना?"

मालवण
बदलीवर आले, मूळची विदर्भातली. बांगडा साफ करायला मासळीवाल्या मावशीने शिकवलं. आता बाजारात माझी वाट बघणारं एक माणूस आहे.

देवगड
मला वेगळं सांगायचंय. नवरा मुंबईला, घरात सासू-सासरे, दीर, मुलं. भरल्या घरात एकटं वाटतं हे बोलायची लाज वाटायची. झोप उडाली होती. शेवटी कलमांच्या बागेत, रेंज येते तिथे जाऊन १४४१६ लावला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा हा सरकारी नंबर, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी मला रडू दिलं. त्या रात्री सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला का नाही उठवलंस?"

धागाकर्ता
राजापूरच्या काकू, तुमचं वाचून आईला फोन लावला. 'जेवलीस का' नाही विचारलं, 'काय केलंस' विचारलं. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कालचाच भात आहे."