शेवटचे तीन किलो: डेफिसिट कमी करायचा की तसाच रेटायचा?

मोजमापवाली
जिमच्या ग्रुपवर परवा एक सल्ला फिरत होता, टार्गेट दोन-तीन किलोंवर आलं की खाणं आणखी आवळा, म्हणजे डेफिसिट (खर्चापेक्षा जेवढ्या कॅलरी कमी खातो तो फरक) वाढवा, शेवटचा जोर लावा म्हणे. मला हे साफ उलटं वाटतं. का ते सांगते, पटत नसेल तर भांडा.

एक बाई घ्या, उंची १५८ सेंमी, वय ३६, सुरुवातीचं वजन ७४. मिफलिन-सेंट जिओरच्या फॉर्म्युल्यानं (वजन, उंची, वयावरून आरामातला खर्च काढतात तो) आणि बैठं काम अधिक थोडं चालणं म्हणून १.४ नं गुणलं तर तिचा दिवसाचा खर्च येतो साधारण १९४० कॅलरी. ५०० चा डेफिसिट धरला तर खायला उरतात १४४०. जमण्यासारखं आहे. आता तीच बाई ६० वर आली. खर्च झाला १७४५ च्या आसपास, कारण हलवायचं शरीरच लहान झालं. टार्गेट ५७, तिथं बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) आपल्याकडच्या २३ च्या कटऑफखाली जातो. तोच ५०० धरून बसली तर खायला १२४५. यात चहा, दोन वेळचं जेवण, पुरेसं प्रोटीन, सगळं कोंबायचं. पगार घटला तरी ईएमआय तोच ठेवला की घरखर्चाचं जे होतं ते इथं जेवणाचं होतं.

आणि भूक वेगळीच. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या केविन हॉल यांच्या गटानं २०१६ मध्ये अंदाज मांडला होता की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला २०-३० कॅलरींनी कमी होतो, पण भूक मात्र जवळपास १०० नी वाढते. सगळे ‘मेटाबॉलिझम मेला’ म्हणून रडतात, पण खरी ओढ भुकेची आहे आणि ती शेवटाला सगळ्यात जास्त असते. तेव्हाच आवळायचं हे कुठलं शहाणपण?

माझं मत: तीन-चार किलो उरले की ५०० चे ३००, मग २००, आणि तसंच हळूहळू मेंटेनन्सवर, म्हणजे वजन आहे तिथंच राहील एवढ्या खाण्यावर यायचं. वेट ट्रेनिंग चालू ठेवायचं, प्रोटीन कमी करायचं नाही.

झटपट_संपवा
ताई गणित छान आहे पण अर्धंच मांडलंत, उरलेलं मी मांडतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७७०० कॅलरी, तीन किलोंचे २३१००. ५०० नं भागा, ४६ दिवस. २५० नं भागा, ९२ दिवस. म्हणजे जे काम दीड महिन्यात उरकतं ते तुम्ही तीन महिने लांबवायला सांगताय, तेही अशा माणसाला जो आधीच महिनोन् महिने मोजून खाऊन कंटाळलाय. ऑगस्टच्या मध्यावर सुरू करा, तीन महिन्यांत गणपती येतो, नवरात्र येतं, वर दिवाळी. उकडीचे मोदक आणि चकल्यांपुढे तुमचा २५० चा डेफिसिट किती टिकतो बघू. दोन दिवसांत आठवड्याची कमाई साफ.

आणि ‘हळू उतरवलं की टिकतं’ हे पण ऐकीव आहे. मेलबर्नमध्ये २०० हून जास्त लोकांवर ट्रायल झाली, २०१४ ला लॅन्सेटच्या डायबेटिसवाल्या जर्नलमध्ये आली. एका गटानं १२ आठवड्यांत वजन उतरवलं, दुसऱ्यानं ३६ आठवड्यांत. ठरवलेलं वजन गाठणारे जलद गटात ८१ टक्के, हळू गटात ५०. आणि पुढच्या जवळपास तीन वर्षांत दोन्हीकडे उतरलेल्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास परत आलं! मग हळू जाऊन मिळवलं काय?

मोजमापवाली
@झटपट_संपवा ती ट्रायल लठ्ठपणा असलेल्या लोकांवर होती हो, बीएमआय ३० च्या वरचे. जलद गटाला देखरेखीखाली मील रिप्लेसमेंट (जेवणाऐवजी घ्यायचं तयार खाणं) देत होते. बीएमआय २४ वरून २३ च्या आत येणाऱ्या बाईला ते कसं लावता? आणि मी तर म्हणतच नाहीये की सुरुवातीपासून रेंगाळा, सुरुवातीला ५०० काय ७०० पण ठेवा झेपत असेल तर. माझा मुद्दा फक्त शेवटच्या टप्प्याचा आहे.

त्यासाठी नॉर्वेचा अभ्यास बघा, २०११ चा. खेळाडू होते, एक गट आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के उतरवत होता, दुसरा १.४ टक्के. शेवटी वजन दोघांचं सारखंच उतरलं, पण हळू गटाचे स्नायू चक्क वाढले, जलद गटाचे नाही.

झटपट_संपवा
नॉर्वेचे खेळाडू! आठवड्यातून चार वेळा स्ट्रेंथ ट्रेनिंग करणारे! माझा अभ्यास लागू नाही आणि तुमचा लागू, वा. आपल्याकडची बाई सकाळी डबे करून लोकल पकडते, तिला कुठली ०.७ टक्केवाली स्नायूवाढ.

नाइलाजाची_सुगरण
तुमचं दोघांचं वाचून हसू येतंय कारण दोघंही असं धरून चाललाय की २५० कॅलरी मोजता येतात. कुठं मोजता येतात? माझ्या घरी चार माणसं, महिन्याला तीन लिटर तेल लागतं, म्हणजे माणशी दिवसाला २५ मिली, त्याच्याच झाल्या दोनशेवर कॅलरी. म्हणजे मोजमापवाली ताई म्हणतात तो अख्खा डेफिसिट माझ्या वाट्याच्या तेलाएवढा आहे. आणि ते तेल कढईतून माझ्या ताटात किती आलं नि नवऱ्याच्या किती गेलं हे कुठलं ॲप सांगणार? भरली वांगी केली की तर्री कुणाच्या वाटीत जाते ते बघा एकदा. शेंगदाण्याचा कूट भाजीत, कोशिंबिरीत, उपासाला तर विचारूच नका, मूठभर दाणे म्हणजे ३० ग्रॅम धरले तरी १७० कॅलरी. ज्वारीची भाकरी तुमच्या ॲपमध्ये एक नग असते, आमच्याकडे सासूबाई थापतात ती आणि मी थापते ती यात ५० आणि ८० ग्रॅम पिठाचा फरक असतो, म्हणजे परत शंभर कॅलरी इकडच्या तिकडे.

सांगायचं काय तर ५०० चा डेफिसिट असला की या चुका धरूनसुद्धा दोनशे-तीनशे उरतात. २०० चा ठेवला की काहीच उरत नाही, बाई आपली मेंटेनन्सवर बसून राहते आणि थायरॉईडच्या टेस्ट करत फिरते. तेव्हा तत्त्वानं मला ताईंचं पटतं पण स्वयंपाकघरात झटपटदादांचं बरोबर आहे.

झटपट_संपवा
ताईसाहेब तुम्हाला साष्टांग 🙏 मला हेच म्हणायचं होतं पण तर्री सुचली नाही

आकडे_तपासा
सुगरणताईंच्या मुद्द्याला पुरवणी. २५० चा डेफिसिट म्हणजे आठवड्याला सव्वादोनशे ग्रॅम. काट्यावर सकाळ-संध्याकाळचा फरकच किलोभर असतो, लग्नात लोणचं-पापड हाणून आलात की पाणी धरलं जातं, पाळीच्या आधीचं वेगळंच, वर ग्लायकोजेनच्या (शरीरात साठवलेल्या साखरेच्या) दर ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. या गोंधळात सव्वादोनशे ग्रॅम दिसायला महिना लागतो, तोही रोज वजन करून सात दिवसांची सरासरी काढत असाल तर. रविवारी एकदाच काट्यावर उभं राहणाऱ्याला काही कळणार नाही.

दुसरं. हळू जाण्यासाठी नेहमी कारण देतात की चरबी कमी झाली की ती पुरेशी ऊर्जा देऊ शकत नाही, मग शरीर स्नायू खातं. तत्त्व ठीक आहे. २००५ मध्ये आल्पर्ट नावाच्या शास्त्रज्ञानं मिनेसोटाच्या युद्धकाळातल्या उपासमारीच्या प्रयोगातले आकडे घेऊन हिशोब मांडला होता, एक किलो चरबी दिवसाला फार तर ७० कॅलरींच्या आसपास देते. आता तो इथं लावा. ६० किलोची बाई, २८ टक्के चरबी, म्हणजे जवळपास १७ किलो. सतरा गुणिले ७०, अकराशेच्या वर. हा आकडा सैद्धांतिक आहे, निम्मा धरा हवं तर, तरी ५०० बसतात. अडचण कुणाला? ७० किलोचा, १० टक्के चरबीचा, सिक्स पॅकच्या मागे लागलेला मुलगा, त्याच्याकडे चरबीच ७ किलो. डेफिसिट बारीक करायची गरज खरी त्याला आहे. आपण घरगुती लोक उगाच बॉडीबिल्डरांचे नियम उचलतो.

मोजमापवाली
@आकडे_तपासा स्नायूंचा मुद्दा तुम्ही म्हणता तसा असेल, चालेल, मी त्यावर अडून बसत नाही. पण १२४५ कॅलरीत जेवायचं काय याचं उत्तर तुमच्या सतरा किलोंत नाही. किलोला १.६ ग्रॅम धरलं तर ९६ ग्रॅम प्रोटीन. आपल्यासारख्या शाकाहारी घरात ते १२४५ मध्ये बसवून दाखवा. डाळीत प्रोटीनबरोबर स्टार्च येतो, पनीरबरोबर फॅट. मग उरतं काय, व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) आणि सोया चंक्स, आणि भाकरी-भात बंद. असं खाऊन ५७ वर पोचलेली बाई दुसऱ्या दिवशी १७०० वर कशी येणार, सांगा ना. ती एक तर घाबरून तिथंच अडकते, नाही तर सुटते ती सुटतेच.

@सुगरणताई, मोजता येत नाही हे शंभर टक्के खरं. म्हणूनच मोजू नका म्हणते, रोज तेच तेच खाणं ठेवा. आज ५०० च्या डेफिसिटवर जे ठरलेलं खाणं चाललंय त्यात दुपारची अर्धी भाकरी आणि एक वाटी दही वाढवा, बाकी काही हलवू नका. तर्री आज जेवढी जाते तेवढीच उद्या जाणार, ती चूक दोन्हीकडे सारखीच. तीन-चार आठवडे सरासरी बघा. अजून उतरतंय? मग आणखी थोडं वाढवा. थांबलं? मग हाच तुमचा मेंटेनन्स, फॉर्म्युला काहीही म्हणो.

नाइलाजाची_सुगरण
हं. हे जमेल. पण ‘तर्री आज जेवढी जाते तेवढीच उद्या’ हे तुम्ही एकत्र कुटुंबात राहत नाही म्हणून लिहू शकता

दोन_वेळचा
आम्ही दीक्षित पॅटर्नवाले, दोन वेळा, ५५ मिनिटांत, बास. कॅलरी कधी मोजल्याच नाहीत. आम्ही डेफिसिट कमी कसा करायचा? मिनिटं वाढवायची का 😄

आकडे_तपासा
@दोन_वेळचा मोजला नाहीत तरी डेफिसिट होताच, म्हणून तर उतरलं. वजन एका जागी ठरलं की समजा तो आपोआप संपला.

कंबरपट्टा
सगळे ५७ का म्हणताय हेच मला कळलं नाही. बीएमआय २३ हा आशियाई लोकांसाठीचा कटऑफ आहे, मान्य, पण पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा तो फोटो आठवतोय का, २००४ मध्ये लॅन्सेटला आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्यातल्याच डॉक्टरनं स्वतःचं शरीर दाखवून सांगितलंय की आपल्या लोकांत हा आकडा किती फसवतो. मग ६० वरून ५७ ला जाताना तीन किलो स्नायू गेले काय नि चरबी गेली काय, बीएमआय तेवढाच छान दिसणार.

टेप घ्या. बाईची कंबर ८० सेंमीच्या आत, पुरुषाची ९० च्या. ६० वरच ती ८० च्या आत असेल तर तीन किलोंसाठी हा एवढा धागा कशाला, डेफिसिट पूर्ण बंद करा आणि वजनं उचला. आणि कंबर ८८ असेल तर ५७ ला पोचूनही काम बाकी असेल.

झटपट_संपवा
वा म्हणजे मी ४६ दिवसांत संपवा म्हणतो, ताई ९२ दिवस म्हणतात आणि तुम्ही म्हणता जायचंच नाही 😂

कंबरपट्टा
कंबर बघून ठरवा म्हणतो. दादा तुमची किती?

झटपट_संपवा
ते जाऊ द्या

अधूनमधून
मधला रस्ता कुणीच सांगितला नाही. ऑस्ट्रेलियात मॅटाडोर नावाचा प्रयोग झाला होता, लठ्ठपणा असलेले पुरुष, दोन आठवडे डाएट, दोन आठवडे मेंटेनन्स, असं आलटून पालटून. सलग डाएट करणाऱ्यांपेक्षा त्यांचं वजन जास्त उतरलं, मात्र एकूण वेळ जवळपास दुप्पट लागला. बायकांवर नव्हता, बीएमआय २४ वाल्यांवरही नव्हता, त्यामुळे तंतोतंत लागू असं म्हणत नाही. पण झटपटदादांच्या दिवाळीवर उत्तर आहे यात. सणाचे दोन आठवडे सरळ मेंटेनन्स धरा, अपराधी न वाटता मोदक खा, मग परत ४००-५०० वर या. मेंटेनन्सवर राहायची सवयही मध्ये मध्ये होते, जी ताईंना हवीय.

मोजमापवाली
@अधूनमधून हे मला चालेल, फक्त ‘दोन आठवडे’ म्हणजे दोनच. आपल्याकडे गणपतीचा ब्रेक तुळशीच्या लग्नापर्यंत चालतो.

@कंबरपट्टा तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे असं मी धरते, कारण कंबर आणि ताकद बघत जायचं तर घाई करून उपयोगच नाही.

आणि एक, इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी इथलं काही वाचून खाणं कमी-जास्त करू नका, आधी डॉक्टरांना विचारा, डोस बदलावा लागतो.

झटपट_संपवा
मी अजून माझ्या जागीच आहे. एकच अट घालतो, १२०० च्या खाली कुणी जाऊ नका, उंचीनं लहान बायकांना ५०० झेपत नसेल तर ४०० करा. पण २०० नाही म्हणजे नाही, त्याला डाएट नाही टाइमपास म्हणतात.