'रिस्ट्रिक्टेड वॉटर्स'ला 'प्रतिबंधित पाणी' म्हणावं का?

प्रश्न

जहाजावरच्या प्रशिक्षणार्थींसाठीची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. माझ्या हाती आलेल्या कच्च्या मसुद्यात 'रिस्ट्रिक्टेड वॉटर्स'वरच्या एका प्रकरणाचं नाव आहे 'प्रतिबंधित जलक्षेत्रातील नौवहन सुरक्षेचे मूल्यमापन'. ते वाचून मला वाटलं, शिरायला बंदी असलेल्या समुद्रावरच्या पहाऱ्याबद्दल काही असणार. आत पाहिलं तर सगळा मजकूर पाण्याची खोली, वाटेची रुंदी, भरती-ओहोटी आणि जहाजाचा वेग यांचा. मग 'प्रतिबंधित' बरोबर आहे का? नसेल तर काय लिहू?

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. 'प्रतिबंधित' म्हटलं की मराठी माणसाला मनाई दिसते. इथे मनाई कुणीच केलेली नाही. कालवा, नदीचं मुख, बंदराची वाट अशा ठिकाणी पाणी खोलीला किंवा रुंदीला कमी पडतं आणि जहाजाला हवं तसं वळता येत नाही, एवढाच अर्थ. नकाशावर खरोखर मनाईची क्षेत्रंही आखलेली असतात. 'प्रतिबंधित' त्यांच्यासाठी राखून ठेवा, नाहीतर एकाच पुस्तिकेत एक शब्द दोन परस्परविरोधी सूचना देईल. प्रशिक्षणार्थीच्या हातून अशी गल्लत व्हायला नको.

आणखी एक सापळा आहे. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हाच 'रिस्ट्रिक्टेड' जहाजालाही लागतो. तळ उपसणं, केबल टाकणं अशा कामात गुंतलेलं जहाज इतरांना वाट देऊ शकत नाही. ते रात्री एकाखाली एक लाल, पांढरा, लाल असे दिवे लावतं. तिथे अडचण कामामुळे येते, पाण्यामुळे नाही. तिथे मी 'हालचालीस मर्यादा असलेलं' लिहीन, पाण्यासाठी 'सीमित जलमार्ग'.

प्रतिसाद २

'सीमित' चालेल, पण बोलताना मी 'बेताचं पाणी' म्हणतो. बेताचं म्हणजे पुरेल, पण वर काही उरणार नाही. या विषयाचा सगळा जीव त्या न उरण्यातच आहे, म्हणून हा शब्द मला फार जवळचा वाटतो.

समजा वाटेत पाणी १२ मीटर आहे आणि जहाजाची डूब, म्हणजे पाण्याखालचा भाग, १०.५ मीटर. कागदावर तळाखाली दीड मीटर उरतं. पण जहाज चालू लागलं की तळाखालून पाणी वेगानं मागे सरतं, तिथला दाब घटतो आणि जहाज खाली जातं. याला स्क्वॉट म्हणतात. अरुंद वाटेसाठी बॅरसचं सोपं सूत्र आहे : जहाजाचा भरीवपणा (पाण्याखालचा भाग तेवढ्याच लांबी-रुंदी-डुबीच्या ठोकळ्याचा किती हिस्सा भरतो ते) गुणिले वेगाचा वर्ग, त्याची दुप्पट, भागिले १००. भरीवपणा ०.८ आणि वेग १० नॉट, म्हणजे तासाला १० सागरी मैल, धरला तर उत्तर येतं १.६ मीटर. म्हणजे जहाज टेकलं! तेच ६ नॉटने नेलं तर ते साधारण ५८ सेंटिमीटर बसतं आणि खाली ९२ सेंटिमीटर राहतात. पाणी तेच, जहाज तेच, फरक फक्त वेगाचा.

७ ऑगस्ट १९९२ ला 'क्वीन एलिझाबेथ २' हे प्रवासी जहाज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ नकाशात नसलेल्या खडकांवर घासलं. त्या भागातली खोली १९३९ साली मोजलेली होती, आणि वेगामुळे जहाज किती बसेल याची पुरेशी माहिती जहाजावर नव्हती, असं चौकशीत निघालं. म्हणून 'मूल्यमापन' हा शब्द मला खटकतो. मूल्यमापन झाल्या कामाचं होतं, परीक्षेनंतर गुण द्यावेत तसं. इथे निघण्याआधी अदमास घ्यायचा असतो आणि वाटेत तो पुन्हा पुन्हा तपासायचा असतो. सुकाणूला जहाज उशिरा दाद देऊ लागलं, अंगात थरथर आली, इंजिन तेच असून वेग पडला, की समजावं पाण्याचा तळ जवळ आलाय.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'सुरक्षे'चं काय करू? आणि स्क्वॉटला 'बसकण' म्हटलं तर?

प्रतिसाद १

'सुरक्षा' बदलाच. बंदरातला पहारा, घुसखोरी, चाचे हे सगळं त्या शब्दात येऊन बसलंय. जहाज टेकू नये, धडकू नये यासाठी 'सुरक्षितता' किंवा त्याहून नेमका 'निर्धोकपणा' घ्या. प्रकरणाचं नाव 'सीमित जलमार्गातील नौकानयन : धोक्यांचा अदमास' असं करता येईल.

प्रतिसाद २

'बसकण' नको. बसकण मारणारा एकदाच बसतो आणि बसून राहतो. जहाज वेग वाढला की जास्त बसतं, कमी केला की पुन्हा वर येतं. शिवाय पुढचा आणि मागचा भाग सारखे बसत नाहीत. भरीव, बोजड जहाजाचा बहुधा पुढचा भाग जास्त खाली जातो. तेव्हा आकड्याच्या तक्त्यात 'स्क्वॉट'च ठेवा आणि वाक्यात 'वेगामुळे जहाज बसणे' लिहा. मीटरबरोबर 'वाव' हे जुनं मापही एखाद्या तळटिपेत द्या. दोन्ही हात पसरून भरतं तेवढं अंतर म्हणजे एक वाव. पाण्यात दोरी सोडून खोली मोजणारे तेच बोलायचे, आणि जहाजाखाली किती वाव आहे हे विचारायला आजही तोच शब्द पुरतो.