मुंबईत बसून यांकीजवर राग धरायचा मला हक्क आहे का?

नाईटशिफ्ट बोरिवली:

प्रश्न जरा विचित्र आहे, हसायचं तर हसा.

मी बोस्टन रेड सॉक्सवाला, म्हणजे तिकडच्या बेसबॉल संघाचा चाहता, आणि न्यूयॉर्क यांकीज म्हणजे आमचे जुने शत्रू. अमेरिकेत कधी पाऊल ठेवलेलं नाही, व्हिसाच्या रांगेतसुद्धा उभा राहिलेलो नाही. बेसबॉलची बॅट हातात धरली ती एकदाच, एका मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात. तरी न्यूयॉर्क यांकीज हरले की माझा दिवस बरा जातो. रेड सॉक्स दुसऱ्या कोणाशी हरले तर एवढं लागत नाही. यांकीजशी हरले की बायको विचारते, "ऑफिसात काही झालं का?"

हे खूळ लागलं २००४ साली. मी तेव्हा मालाडला एका कॉल सेंटरमध्ये होतो. क्रेडिट कार्डाचं काम, गिऱ्हाईक सगळं बोस्टन आणि आसपासच्या राज्यांतलं, शिफ्ट रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा. ऑक्टोबर महिना, नवरात्र चालू. १८ तारखेला चेन्नईच्या कसोटीचा शेवटचा दिवस अख्खा पावसात गेला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध २१० धावा हव्या होत्या, दहाच्या दहा विकेट हातात, आणि एक चेंडू पडला नाही. त्या रात्री कामावर गेलो तर फ्लोअरवर सुतक.

पहाटे पावणेतीननंतर कॉल एकदम आटले. जो आला तो वुस्टरच्या एका आजींचा. लेट फी लागली होती, ती माफ करून हवी होती. मी खातं उघडतोय तोवर मागून टीव्हीचा गलका. आजी म्हणाल्या, थांब जरा, आणि रिसीव्हर तसाच ठेवून गेल्या. नियमाने मी कॉल कापायला हवा होता. नाही कापला. बऱ्याच वेळाने परत आल्या आणि मग मला सगळं समजावून सांगितलं. सात सामन्यांची मालिका. यांकीजनी पहिले तीन जिंकलेले, तिसऱ्यात तर १९-८ असं धुतलेलं. चौथ्यात रेड सॉक्स नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगमध्ये एका रनने मागे, आणि समोर मारियानो रिवेरा, म्हणजे ज्याच्या हातात चेंडू गेला की लोक पार्किंगकडे निघतात तो पिचर. तिथे डेव्ह रॉबर्ट्स नावाच्या राखीव खेळाडूने दुसरा बेस चोरला, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पळत गाठला, बरोबरी झाली, आणि बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होम रन, म्हणजे आपल्या सिक्ससारखा फटका, मारून विषय संपवला. तिकडे रात्रीचा एक बावीस, आपल्याकडे सोमवारचे सकाळचे १०:५२. मी तेव्हा घरी येऊन झोपलो होतो. आणि आता आजींच्या टीव्हीवर पाचवा सामना चालू होता.

"आम्ही १९१८ नंतर जिंकलेलो नाही," आजी म्हणाल्या. "माझे वडील वाट बघून बघून गेले."

तो कॉल ४१ मिनिटांचा झाला. लेट फी मी माफ केली, क्वालिटीवाल्यांनी माझे मार्क कापले. शिफ्ट संपली तरी सामना चालूच होता. फ्लोअरवर इंटरनेट फक्त टीम लीडरच्या मशीनवर, त्याच्या खुर्चीत बसून साडेआठपर्यंत पान रिफ्रेश करत राहिलो. १४ इनिंग, ५ तास ४९ मिनिटं, पुन्हा ऑर्टिझ, ५-४. मग सहावा, सातवाही आमचा. ०-३ वरून मालिका जिंकलेला मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगमधला, तो पहिला संघ, आजवर दुसरा झालेला नाही. पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची अंतिम मालिकाही जिंकले, ८६ वर्षांनी.

आता मूळ मुद्दा. माझी मुलगी १४ वर्षांची. मागच्या महिन्यात फॅशन स्ट्रीटवरून मैत्रिणींबरोबर टोपी घेऊन आली, अडीचशेची दीडशेला. काळी, त्यावर पांढरा 'एनवाय'. यांकीजची आहे हे तिच्या गावीही नाही. आमच्या नाक्यावरच्या वडापाववाल्याच्या डोक्यावरही तीच असते, त्यालाही माहीत नाही. विरार लोकलच्या एका डब्यात मी एकदा सात मोजल्यात. मी म्हटलं, ही टोपी घरात नको. ती म्हणाली, "बाबा, तुझा काय संबंध?"

उत्तर सुचलं नाही. म्हणून विचारतोय. हा राग उसना आहे, मान्य. बावीस वर्षं वापरला म्हणून माझा झाला का?

आणि व्यवहाराचा प्रश्न: आता मला दिवसाची नोकरी आहे. पहाटेचे सामने बघून माणसात कसं राहायचं?

स्लो लोकल:

हक्काचं मला कळत नाही, वेळेचं सांगतो. मार्चअखेर सीझन सुरू होतो तोवर अमेरिकेतली घड्याळं पुढे गेलेली असतात, ती मागे यायच्या सुमारास सगळं आटपलेलं असतं. त्यामुळे बोस्टन-न्यूयॉर्कच्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे, बास. तिकडचे संध्याकाळचे ७:०५ म्हणजे आपले पहाटे ४:३५. पूर्वी सामना सहज तीन तासांवर जायचा. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावलंय, बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, त्यामुळे सरासरी २ तास ४० मिनिटांवर आली. सव्वासातला मोकळे. आंघोळ करून पावणेआठची फास्ट मिळते, मी स्वतः पकडलीय.

शनिवार-रविवारी तिकडे दुपारी दीडच्या सुमाराचे सामने असतात, ते आपल्याकडे रात्री अकराला. तुमच्यासारख्यांसाठी तेच बरे. आणि एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी बोस्टनमध्ये मॅरेथॉन असते, त्या दिवशी फेनवे पार्कवर, म्हणजे रेड सॉक्सच्या मैदानावर, सकाळी अकराच्या आसपास खेळ सुरू करतात. आपले रात्रीचे साडेआठ. समोर यांकीज नसले तरी बघा, वरणभात जेवताना बेसबॉल बघायची ती एकच संधी.

यांकीजविरुद्ध तसेही वर्षाला १३ च सामने राहिलेत. २०२२ पर्यंत १९ असायचे. एवढं जागरण जमायला हवं.

खडूस वांद्रे:

मुंबईत राहून राग यायला अमेरिकेतला संघ लागतो? माझ्या गल्लीतलं खोदकाम बघायला या.

नाईटशिफ्ट बोरिवली:

@खडूस, ते आहेच हो. पण त्याला ऑफ सीझन नसतो.

@स्लो लोकल, पावणेआठची बोरिवलीहून पकडून दाखवा, मग बोलू. बाकी माहिती उपयोगाची, आभार.

माटुंगा पूर्व:

माझं वय ७६, बेसबॉल मला शून्य कळतो. पण तुमच्या मुलीचा प्रश्न मलाही कोणीतरी विचारायला हवा होता.

आमचं घर दडकर मैदानाजवळ, म्हणून आम्ही दादर युनियन क्रिकेट क्लबवाले. मामा राहायचे शिवाजी पार्कला, म्हणून ते शिवाजी पार्क जिमखान्याचे. मी दोन्हींकडून एक चेंडू खेळलेलो नाही. आमच्याकडे माधव मंत्री, पुढे त्यांचा भाचा सुनील गावसकर. तिकडे अजित वाडेकर. कांगा लीगचा सामना असला की पावसात, चिखलात, छत्री धरून उभे. कसोटीत वाडेकरांनी धावा केल्या की टाळ्या वाजवायच्या आणि क्लबच्या सामन्यात तेच वाडेकर लवकर जावेत म्हणून देव पाण्यात ठेवायचे. मामा आणि मी गणपतीत आरतीला शेजारी शेजारी उभे राहायचो, पण हरलेल्या रविवारी फोन करत नसू. तेव्हा फोन वाण्याकडे होता, हेही एक कारण.

घर कुठे होतं एवढ्यावर हे ठरलं. तुमचं हेडफोन कुठे होतं त्यावर ठरलं. मला तरी फरक दिसत नाही.

एक विचारतो. आजींनी १९१८ म्हटलं. त्यानंतर असं काय बिघडलं?

नाईटशिफ्ट बोरिवली:

काका, १९१८ ला बोस्टन जिंकलं तेव्हा बेब रूथ त्यांच्याकडे होता. पिचर म्हणून आला आणि बॅटिंग करत सुटला, १९१९ ला २९ होम रन, तोवर कोणी एका सीझनमध्ये इतके मारले नव्हते. मालक हॅरी फ्रेझी हा मूळ नाटकधंद्यातला निर्माता, पैशाची ओढाताण. त्याने १९१९ च्या नाताळात रूथला यांकीजना विकलं. लाखभर डॉलर, शिवाय फेनवे तारण ठेवून यांकीजच्या मालकाकडून कर्ज. म्हणजे माणूस गेला, वर मैदान शत्रूकडे गहाण. रूथने न्यूयॉर्कला पहिल्याच वर्षी ५४ होम रन मारले. त्याआधी यांकीज एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकले नव्हते.

लोक ह्याला रूथचा शाप म्हणायचे. मला शापबिप पटत नाही. नाटकाचे पैसे मैदानाच्या गल्ल्यात मिसळले की असंच व्हायचं.

माटुंगा पूर्व:

माणूस विकला? क्लबने? आमच्याकडे क्लब सोडून गेलेल्याशी लोक बोलायचे नाहीत, आणि इथे क्लबच विकतोय. त्या आजींच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. नाटकवाल्यांना मात्र उगाच बोलू नका.

ब्राँक्स ते मुलुंड:

कोणीतरी न्यूयॉर्कची बाजू घ्या म्हणून वाट बघत होते, शेवटी मीच आले.

नवऱ्याच्या नोकरीमुळे १९९९ ते २००३ न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये होते. घर १६१ व्या रस्त्याजवळ मिळालं, कारण भाडं परवडलं. ४ नंबरची ट्रेन तिथे वरून जाते, खिडकीतून क्षणभर यांकीजच्या स्टेडियमच्या आतलं हिरवं दिसायचं. माझा हक्क एवढाच, भाडेकराराचा. डोंबिवलीची पोरगी, कडेवर बाळ, आणि ब्लीचर्समध्ये, म्हणजे उघड्यावरच्या स्वस्त बाकांवर, बसून रेड सॉक्सवाल्यांवर ओरडतेय "नाइन्टीन एटीन!" हो, आजींचं ते वर्ष आमची घोषणा होती. टाळी, टाळी, नाइन्टीन एटीन. माझं इंग्लिश तिथेच सुटलं.

२००३ च्या ऑक्टोबरात आपल्या मालिकेच्या सातव्या सामन्यात तुम्ही ५-२ ने पुढे होतात, तुमचा पिचर पेद्रो मार्टिनेझ दमला होता आणि तुमच्या मॅनेजरने त्याला काढलं नाही. बरोबरी झाली, आणि अकराव्या इनिंगमध्ये आमच्या आरोन बूनने पहिल्याच चेंडूवर तुम्हाला घरी पाठवलं. आता तोच बून आमचा मॅनेजर आहे. त्या रात्री इमारतीत कोण कोणाच्या गळ्यात पडत होतं ते विचारू नका. खालच्या मजल्यावरच्या डॉमिनिकन बाईंनी मला उचललं होतं.

पुढच्या वर्षी मी मुलुंडला परत आलेले. तुमचा तो सातवा सामना संपला तेव्हा मुलाचा डबा भरत होते, नवऱ्याला तिकडून मित्राचा मेसेज आला. पोळी करपली. हरल्याचं जाऊ द्या, २७ वर्ल्ड सिरीज आहेत आमच्या, तुमच्या ९. पण घोषणा गेली हो. आता काय ओरडायचं? २००७, २०१३, २०१८ असे तुम्ही जिंकतच सुटलात. सुखी शत्रूवर ओरडण्यात मजा नाही. इथे मुलुंडमध्ये तर ओरडायला समोर कोणीच नाही. तुम्ही राग धरता हे वाचून मला तर बरंच वाटलं.

टोपी मुलीकडेच राहू द्या. फक्त २७ आकडा पाठ करून घ्या. आणि गेल्या ऑक्टोबरातल्या आपल्या मालिकेतला तिसरा सामना दाखवा तिला.

नाईटशिफ्ट बोरिवली:

तो सामना काढायची गरज नव्हती.

ताई, मी जागा होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, दाराला झेंडूचं तोरण ताजं, आपट्याची पानं अजून टेबलावर. यांकीजचा नवा पिचर पोरगा कॅम श्लिटलर, ८ इनिंग, १२ जण स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, एकालाही फुकट बेस दिला नाही, ४-० आणि आमचा सीझन खलास. आणि पोरगा कुठला? वॉलपोलचा, बोस्टनच्या शेजारचा. आपल्याच आळीतला उठून समोरच्या आळीत गेला. काका, हे तुमच्यासाठी.

मुलीला शेवटी आजींची गोष्ट सांगितली. मी शाप, रूथ, १९-८ सगळं तयार ठेवलं होतं. तिने विचारलं, "त्या आजी नंतर परत बोलल्या का?" नाही बोलल्या. मीही फोन केला नाही, करता येतही नाही. मालिका जिंकल्यावर त्यांच्या घरात काय झालं ते मला कधीच कळलं नाही. मुलगी म्हणाली, मग तू लेट फी माफ केलीस ते बरं केलंस. टोपी तिने ठेवलीय, फक्त मी घरी असलो की उलटी घालते, 'एनवाय' मागे जातं. सध्या एवढ्यावर तह आहे.

नाईटशिफ्ट बोरिवली:

(तीन आठवड्यांनंतर, पहाटे)

पहिला चेंडू पडायला चार मिनिटं आहेत. आवाज बंद, बायको झोपलीय, चहा करायची हिंमत नाही कारण लायटरचा आवाज होतो. समोर यांकीज. मुलुंड, जाग्या आहात का?

ब्राँक्स ते मुलुंड:

दूध तापत ठेवलंय.

टाळी, टाळी. नाइन्टीन एटीन.