पेपर स्प्रे बाळगण्यासाठी परवाना लागतो का?

प्रश्न:
माझी मुलगी पुण्यात एकटी राहते आणि दुसऱ्या पाळीवरून रात्री उशिरा घरी परतते. तिने पेपर स्प्रे जवळ ठेवावा असे मला वाटते. पण तो वापरल्यास उलट तिच्यावरच गुन्हा दाखल होईल, असे एका परिचितांनी सांगितल्यापासून मी काळजीत आहे. कायदा नेमका काय सांगतो? पुढे शिक्षणासाठी ती इंग्लंडलाही जाणार आहे.

सायली, ठाणे:
१९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली पेपर स्प्रेसाठी परवाना लागत नाही, आणि तो ऑनलाइन तसेच काही औषध दुकानांतही उघडपणे विकला जातो. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ प्रत्येकाला स्वसंरक्षणाचा हक्क देतात. तेव्हा मुलीला तो अवश्य घेऊन द्या.

वकील, नागपूर:
सायलीताईंचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. बाळगण्याला आडकाठी नाही. प्रश्न वापराचा आहे. कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि कलम ११८(१) मध्ये घातक हत्यारांबरोबरच श्वासावाटे शरीरात गेल्यास अपायकारक ठरणाऱ्या पदार्थाने केलेली दुखापतही येते, ज्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बंगळुरूतील एका वादात पेपर स्प्रे वापरणाऱ्यांवरील गुन्हा रद्द करण्यास कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नकार दिला, कारण त्यांच्या जिवाला तत्काळ धोका असल्याचे सकृद्दर्शनी दिसत नव्हते. आपल्या परिचितांनी बहुधा हेच प्रकरण ऐकले असावे. निर्जन रस्त्यावर कोणी अंगावर धावून आले असता स्वतःला वाचवणाऱ्या मुलीची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि या निकालाच्या धास्तीने तिने हात आखडता घ्यावा, हे मला मुळीच पटत नाही. मात्र हल्लेखोर पळू लागल्यावर पाठलाग करून फवारू नये. सुरक्षित जागी पोहोचताच ११२ वर कळवावे आणि घडले ते लगेच पोलिसांत नोंदवावे.

मंजिरी, लीड्स:
इंग्लंडला येताना तो घरीच ठेवायला सांगा. विमानात तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इन सामानातही नाही. शिवाय येथे १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५ खाली तो प्रतिबंधित शस्त्रांत मोडतो, म्हणजे न वापरता नुसता पर्समध्ये सापडला तरी गुन्हा होतो. इथे बऱ्याच मुली किल्लीच्या जुडग्याला कर्कश आवाजाचा अलार्म लावतात. तो कायदेशीर आहे आणि सहज मिळतो.