अमेरिकेत स्टेट प्रिझनमधे भेटायला मुलांना नेता येतं का?

मधुमालती:
मैत्रिणीचा नवरा कॅलिफोर्नियात स्टेट प्रिझनमधे (राज्य सरकारच्या तुरुंगात) आहे, मुलं लहान आहेत, बाबांना कधी भेटायचं म्हणून सारखी मागे लागतात. कोणी सांगतं काचेपलीकडूनच बोलायचं, कोणी सांगतं कुटुंबाला रात्री सोबत राहू देतात. नक्की काय ते कळलं तर बरं, मुलांना खोटी आशा लावायची नाहीये तिला.

रानवारा:
आधी मंजुरी घ्या, तशाच जाऊ नका. नवऱ्याने आतून १०६ नंबरचा फॉर्म सही करून पाठवायचा, तो तिने भरायचा आणि जुनी अटक वगैरे असेल तर खरं लिहायचं, लपवलं तर त्यावरूनच नाकारतात. मुलांचे जन्मदाखले लागतात, आणि मामा किंवा आजी नेणार असेल तर पालकाचं नोटरी केलेलं पत्र. निळी जीन्स नको, कैद्यांचे कपडे निळे असतात म्हणून चालत नाही. काच सगळ्यांना नसते हो, बऱ्याच जणांना एका टेबलाशी बसून भेटता येतं.
रात्री राहायचं म्हणजे फॅमिली व्हिजिट, साधारण ३० ते ४० तास, आवारातल्याच वेगळ्या घरात. फक्त जवळच्या नात्यांना, आणि लैंगिक गुन्हा असेल तर नाहीच. जन्मठेपवाल्यांची ही सोय १९९६ ला काढून घेतली होती, २०१६ च्या कायद्याने परत दिली. मिसिसिपी आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी मात्र रात्रीच्या भेटी २०१४ ला सगळ्यांसाठीच बंद केल्या.

पाऊलवाट:
कॅलिफोर्निया आहे ते नशीब. मिशिगनने १९९५ मधे नियम केला होता की १८ वर्षांच्या आतल्यांपैकी फक्त कैद्याची स्वतःची किंवा सावत्र मुलं, नातवंडं आणि भावंडं भेटू शकतात, भाचे-पुतण्यांना बंदी! सुप्रीम कोर्टाने २००३ मधे तो चालवून घेतला. भेटीतून ड्रग्ज आत जातात ही अडचण खरी आहे, पण गुन्हा मामाचा आणि दार भाच्याला बंद हे मला अजिबात पटत नाही. मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने १६,४२० सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास केला, ज्यांना भेटायला माणसं यायची त्यांना परत गंभीर गुन्ह्यात शिक्षा व्हायचं प्रमाण १३ टक्के कमी निघालं. मग भेटी वाढवायला नकोत का?

मधुमालती:
फॉर्मचं आजच सांगते तिला. पण तुरुंग खूप लांब आहे, दर आठवड्याला जमणार नाही.

रानवारा:
फोन आहे ना, २०२३ पासून तिथल्या स्टेट प्रिझनमधून घरी कॉल फुकट आहेत. आणि निघायच्या आधी त्या तुरुंगाच्या भेटी चालू आहेत का बघून घ्या, लॉकडाऊन असला, म्हणजे कैद्यांना कोठडीतच ठेवलं असलं, तर रद्द होतात आणि मुलांना घेऊन गेटवरून परत यावं लागतं.